लॉनवरची पांढरी अळंबी आणि ओंडक्यावरची तपकिरी, ओळखायची कशी?

ओलीमाती

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचतेय, लिहायची ही पहिलीच वेळ. चार दिवस सलग पाऊस होता, काल जरा उघडीप मिळाली आणि सकाळी बघते तर लॉनवर बारा-तेरा मोठ्ठ्या पांढऱ्या अळंब्या. परवापर्यंत तिथं काही म्हणजे काहीच नव्हतं. सगळ्यात मोठीची टोपी माझ्या पूर्ण उघडलेल्या पंजाएवढी आहे, पांढरी, वर तपकिरी खवल्यांसारखे तुकडे, मधोमध दाट आणि कडेला विरळ. खालून गिल्स, म्हणजे टोपीखालचे ते पातळ पापुद्रे, पांढरे आणि एकदम दाट. दांड्यावर एक कडं आहे, रिंग म्हणतात ना ते.

त्याच लॉनच्या कडेला एक जुना कापलेला ओंडका पडलाय, त्याच्यावर शेवाळ आलंय आणि त्यात मधाच्या रंगाच्या छोट्या छोट्या अळंब्यांचा घोस. टोप्या फार तर दोन-तीन सेंटीमीटर. त्यांनापण बारीकशी रिंग आहे, पण काहींना दिसते काहींना नाही.

फोनवरच्या अ‍ॅपला फोटो दाखवले तर मोठीचं वरून घेतलेल्या फोटोत एक नाव आलं, बाजूनं घेतलेल्यात दुसरं आणि खालून घेतला तर तिसरंच. त्यातली एक खायची होती आणि एक विषारी, मग समजायचं काय? मला खायच्या नाहीयेत हे आधीच सांगते. पण लेक नऊ वर्षांची आहे, ती दिवसभर तिथंच उकिडवी बसून असते आणि हिचं नाव काय, तिचं नाव काय असं विचारत राहते, आणि मला "छत्री"च्या पुढं काही सांगता येत नाही याचं वाईट वाटतं. सुरुवात कुठून करायची? विषारी-बिनविषारी ओळखायची एखादी पक्की खूण असते का?

कडेकपारी

ताई, स्वागत. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो कारण तेच सगळ्यात महत्त्वाचं. अशी एक खूण नाही. विषारी अळंब्या म्हणून काही वेगळा गट नसतो, एकाच कुळात खाण्याजोगी आणि जीव घेणारी अशा दोघी असतात, त्यामुळं आधी ती कोण हे ओळखायचं आणि मग तिचे गुण कळतात, उलट बाजूनं जाता येत नाही.

तुम्ही वर्णन छान केलंय, पण तीन गोष्टी राहिल्यात आणि नेमक्या त्याच फोटोत येत नाहीत म्हणून अ‍ॅप गोंधळलं.

पहिली म्हणजे बुंधा. बहुतेक लोक अळंबी दांड्याला धरून उपटतात आणि तळ मातीतच राहतो. तसं करू नका, चमच्यानं किंवा बोथट सुरीनं चारी बाजूंची माती सैल करून अख्खी काढा आणि तळाशी पांढरी पातळ पिशवी आहे का बघा, फुटलेल्या अंड्याच्या कवचात दांडा उभा केल्यासारखी दिसते. तिला व्होल्वा म्हणतात. अमानिटा नावाच्या कुळातल्या अळंब्या लहानपणी एका पडद्यात गुंडाळलेल्या असतात, वाढताना तो पडदा फाटतो, खालचा भाग पिशवी होऊन मातीत राहतो आणि वरचे तुकडे टोपीवर चिकटून बसतात, आणि ते तुकडे जोराच्या पावसात धुवूनही जातात, म्हणजे टोपी एकदम स्वच्छ दिसली तरी खाली पिशवी असू शकते. डेथ कॅप, जिच्यामुळं जगात अळंबीचे सगळ्यात जास्त मृत्यू होतात, ती याच कुळातली. पांढरे गिल्स, दांड्यावर रिंग आणि तळाला पिशवी. यातल्या दोन गोष्टी तुमच्या वर्णनात आहेतच, म्हणून तिसरी बघा म्हणतोय.

दुसरी गोष्ट, उगवलीय कशातून. "लॉनवर" एवढं पुरत नाही. नुसतं गवत आहे की दहा-पंधरा मीटरवर झाड आहे, कुठलं झाड आहे, मातीखाली जुनं खोड पुरलेलं आहे का, शेणखत टाकलं होतं का? अमानिटासारख्या अळंब्या सहसा झाडांच्या मुळांशी जोडून जगतात, आणि मुळं फांद्यांच्या सावलीच्याही पुढं जातात, त्यामुळं उघड्या गवतात दिसणारी अळंबी खरंतर लांबच्या झाडाची सोबतीण निघते. उलट काही नुसतं कुजलेलं गवत आणि माती खाऊन जगतात, त्यांना झाड लागतच नाही. ओंडक्यावरच्या तर उघडच लाकूड खातायत.

तिसरी, स्पोअर प्रिंट. म्हणजे बीजाणूंचा, अळंबीच्या बियांसारख्या बारीक पुडीचा, छाप. दांडा टोपीला लागून कापून टाका, टोपी गिल्सची बाजू खाली करून कागदावर ठेवा, अर्धा पांढरा आणि अर्धा काळा कागद जोडून घ्या कारण पांढरे बीजाणू पांढऱ्या कागदावर दिसतच नाहीत. काच असेल तर अजून उत्तम, नंतर खाली कुठलाही रंग धरता येतो. टोपीवर पाण्याचे दोन थेंब, वरून वाडगा पालथा, आणि रात्रभर हात लावू नका. गिल्सचा रंग आणि बीजाणूंचा रंग ही एकच गोष्ट नाही, इथं नवखे सगळे फसतात.

आणि हो, मोठ्या अळंब्या सरळ ओळीत आहेत, विखुरलेल्या आहेत की गोलात?

दवबिंदू

मी असं ऐकलंय की जिला किडे किंवा गोगलगाय खाते ती विषारी नसते. आणि शिजवताना चांदीचा चमचा टाकला आणि काळा पडला तर विषारी. हे कितपत खरं? म्हणजे एवढं सगळं उकरण्यापेक्षा सोपं आहे ना.

सूक्ष्मदर्शी

दवबिंदू, रागावू नका पण हे दोन्ही समज माणसं मारतात, म्हणून मी जरा स्पष्टच लिहिते.

चांदी काळी पडते ती गंधकाच्या संयुगांमुळं. डेथ कॅपमधलं विष अमाटॉक्सिन, त्याचा चांदीवर काहीही परिणाम होत नाही, चमचा लख्ख राहील. लसूण काळा पडतो, टोपीची साल सहज निघाली तर चांगली, वास छान तर चांगली, हे सगळंही असंच. डेथ कॅप खाऊन वाचलेल्या लोकांनी चव चांगली होती असं सांगितलेलं आहे. गोगलगायींचं शरीर वेगळं, त्यांना ते विष पचतं, आणि अळ्या तर अमानिटात आरामात वाढतात.

हे विष पेशीत जाऊन आरएनए पॉलिमरेज २ या एन्झाइमला अडवतं, म्हणजे पेशीला नवीन प्रथिनं बनवायचा निरोपच मिळत नाही आणि पेशी मरते. सगळ्यात जास्त फटका यकृताला. शिजवून, वाळवून, फ्रीझ करून ते जात नाही. आणि सगळ्यात घातक भाग वेळेचा आहे. खाल्ल्यावर सहा ते बारा तास, कधी अजून जास्त, काहीच होत नाही. मग उलट्या-जुलाब सुरू होतात, एक-दोन दिवसांनी माणसाला बरं वाटायला लागतं, घरच्यांना वाटतं सुटलो, आणि त्याच काळात आतून यकृत निकामी होत असतं. त्यामुळं कुणी रानातली अळंबी खाल्ली आणि सहा तासांनंतर त्रास सुरू झाला तर "उशिरा झालं म्हणजे साधं असेल" असं अजिबात समजायचं नाही, उलट तीच जास्त काळजीची खूण, लगेच हॉस्पिटल, आणि उरलेली अळंबी, सोललेला कचरा, फोटो, जे असेल ते सोबत न्या.

ताई, हात लावायला भीती नको. विष कातडीतून आत जात नाही, लेकीला खुशाल हातात घेऊन बघू द्या, फक्त तोंडात काही जाणार नाही आणि नंतर हात साबणानं धुवायचे एवढं ठरवून टाका.

भटका_पाय

बुंध्याबद्दल कडेकपारींनी लिहिलंय त्याला माझा अनुभव जोडतो. दोन वर्षांपूर्वी एका झाडाखाली मातीतून अर्धवट वर आलेले पांढरे गोळे दिसले, लिंबाएवढे, मऊ. मला वाटलं पफबॉल, म्हणजे ती गोल बुरशी असते ना जिला टोपी-दांडा काही नसतो. पाच-सहा काढले, पिशवीत टाकले, घरी येऊन ओट्यावर ठेवले. सोबतचा मित्र म्हणाला एक उभा काप. वरपासून खालपर्यंत सुरी फिरवली आणि दोन भाग बाजूला केले, तर आत अख्खी अळंबी. एवढीशी टोपी, तिच्या खाली केसासारख्या बारीक गिल्सच्या रेघा, आखूड जाड दांडा, सगळं पांढऱ्या पडद्यात गुंडाळून झोपलेलं. खऱ्या पफबॉलमध्ये आत सलग पांढरं असतं, खव्याच्या गोळ्यासारखं, कसलीच आकृती नाही. मी तो अर्धा भाग हातात धरून कितीतरी वेळ बघत बसलो होतो. ते अमानिटाचं अंडं होतं, नेमकी कुठली जात ते शेवटपर्यंत कळलं नाही, कारण अंड्यावरून सांगता येत नाही.

तेव्हापासून गोल दिसलं की आधी उभं कापतो, आडवं नाही. आडवं कापलं तर आकृती चुकू शकते.

ओलीमाती

सगळ्यांचे खूप आभार, इतकं सविस्तर कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. आज संध्याकाळी आम्ही दोघी चमचे घेऊन बसलो. जे दिसलं ते लिहिते.

मोठीचा बुंधा काढला. पिशवी नाहीये, दोनदा बघितलं, आजूबाजूची मातीपण चाळली. तळ जरासा फुगीर आहे, कांद्यासारखा, बस. दांडा गुळगुळीत, वर पांढरा आणि खाली तपकिरीकडे झुकणारा. रिंगबद्दल एक गंमत कळली, ती दांड्याला चिकटलेली नाहीये, लेकीनं बोटानं हळूच सरकवली तर बांगडीसारखी वर-खाली झाली! गिल्स दांड्यापर्यंत पोचत नाहीत, मधे बारीक खाच राहते, दांडा जणू खळग्यात रुतवलाय. कापल्यावर आतला भाग थोड्या वेळानं लालसर तपकिरी पडला.

आणि कडेकपारी, तुम्ही विचारलं म्हणून लांब जाऊन बघितलं तर खरंच गोलात आहेत. पूर्ण गोल नाही, कमानीसारखं, आणि त्या कमानीतलं गवत बाकीच्यापेक्षा जास्त हिरवं आहे. हे मी रोज तिथून जाऊनही कधी पाहिलं नव्हतं. जवळ झाड नाही, सगळ्यात जवळचं तीसेक मीटरवर असेल.

एक पूर्ण उघडलेली टोपी काचेवर ठेवलीय, खाली अर्धा काळा अर्धा पांढरा कागद. ओंडक्यावरची एक पण शेजारी ठेवलीय. लेक दर अर्ध्या तासानं वाडगा उचलू का विचारतेय.

कडेकपारी

वाडगा उचलू देऊ नका, हवा लागली की छाप विस्कटतो.

फेअरी रिंग आहे ती. जमिनीखाली बुरशीचं जाळं एका ठिकाणाहून सुरू होऊन चहूबाजूंनी पसरत जातं, मधलं अन्न संपतं आणि जिवंत कड बाहेर सरकत राहते, फळं त्या कडेवर धरतात. अळंबी म्हणजे फळच, मूळ जीव खाली जमिनीत असतो. गवत हिरवं दिसतं कारण बुरशी कुजवताना नायट्रोजन मोकळा होतो. झाड जवळ नाही, पिशवी नाही, कमान आहे, सरकती रिंग आहे. माझ्या मनात एक नाव पक्कं होत चाललंय पण छाप आल्याशिवाय लिहिणार नाही, कारण तुमची मोठी दोघींपैकी एक आहे आणि त्या दोघींत सगळ्यात पक्का फरक छापाचाच आहे.

तोवर ओंडक्याकडे वळू. खरं सांगू, मला मोठीपेक्षा ती छोटीच जास्त काळजीची वाटतेय. लाकडावर घोसानं येणाऱ्या, मधाच्या रंगाच्या, रिंगवाल्या अळंब्यांत तीन नावं कायम एकमेकींत मिसळतात. एक आर्मिलारिया, मधअळंबी म्हणतात तिला, जिवंत झाडांना पोखरणारी, सालीखाली बुटाच्या लेससारखे काळे दोर सोडते. अमेरिकेतल्या ओरेगॉनच्या जंगलात हिचं एकच जाळं जवळजवळ साडेनऊ चौरस किलोमीटर पसरलेलं सापडलंय. हिचा छाप पांढरा. दुसरी क्यूनेरोमायसेस, तिच्या दांड्यावर रिंगच्या खाली बारीक बारीक खवले असतात. आणि तिसरी गॅलेरिना मार्जिनाटा, छोटी, साधी, कुणाच्या डोळ्यातही न भरणारी, आणि तिच्यात तेच अमाटॉक्सिन जे डेथ कॅपमध्ये. पिशवी नाही, पांढरे गिल्स नाहीत, अमानिटाशी जवळचं नातं नाही, तरी विष तेच. शेवटच्या दोघींचा छाप तपकिरी येतो, गॅलेरिनाचा गंजासारखा. खवल्यांवर भरवसा ठेवू नका, पावसानं आणि हातानं ते जातात.

अजून एक बघून ठेवा, टोपीचा रंग सगळीकडे सारखा आहे की मधे फिकट आणि कडेला गडद? सुकताना मधूनच रंग उडत जातो, म्हणून एकाच घोसात दोन जातींच्या असाव्यात असं वाटतं, नवखी माणसं हमखास तसं लिहितात.

दवबिंदू

चांदीच्या चमच्याचं मी आजवर कितीतरी जणांना सांगितलंय. सूक्ष्मदर्शी, तुम्ही लिहिलंत ते त्या सगळ्यांना आज पाठवलं.

एक शंका आहे. लाकडावर असेल तर लाकडाची आणि मातीत असेल तर मातीची, एवढं तरी डोळे मिटून धरायचं का?

भटका_पाय

नाही. पुरलेलं लाकूड फसवतं. ओम्फालोटस नावाची केशरी अळंबी असते, झाडाच्या गाडल्या गेलेल्या मुळांवर येते आणि वरून बघणाऱ्याला मातीतून आल्यासारखी दिसते, मग लोक तिला शँटरेल ही खायची अळंबी समजतात, जी खरोखर मातीतून येते आणि झाडाच्या मुळांशी जोडलेली असते. फरक खाली आहे. ओम्फालोटसला खरे गिल्स, पातळ पात्यासारखे, वेगळे काढता येतील असे. शँटरेलला गिल्स नसतातच, टोपीच्या मांसालाच सुरकुत्या पडल्यासारख्या बोथट घड्या असतात, फाटे फुटून एकमेकींत मिसळणाऱ्या, दांड्यावर उतरत जाणाऱ्या. नख लावून बघितलं की कळतं. ओम्फालोटस विषारी आहे, उलट्या करवते, आणि मिट्ट काळोखात ताजे गिल्स मंद हिरवट उजळतात.

उलटंही होतं. वारुळातून येणारी टर्मिटोमायसेस घ्या. वर साधी मातीतली अळंबी, पण दांड्यासोबत उकरत गेलं की तो संपतच नाही, मुळासारखा खोल खोल जात वाळवीच्या घरापर्यंत पोचतो, तिथं वाळवीनं बुरशीची बाग केलेली असते. टोपीच्या मधोमध टोकदार उंचवटा असतो, त्यानंच ती माती फोडून वर येते. तिला उपटणारा माणूस तिची सगळ्यात मोठी ओळख जमिनीत तोडून येतो.

ओलीमाती

सकाळचे सहा वाजलेत, आम्ही दोघी जाग्या आहोत.

मोठीचा छाप आला. वाडगा उचलला, टोपी सरळ वर घेतली आणि काचेवर अख्खं चक्र उमटलेलं, मधोमध दांड्याच्या जागेचा रिकामा गोल आणि तिथून बाहेर जाणाऱ्या शेकडो बारीक रेघा, कंगव्यानं ओढल्यासारख्या. रंग पांढरा असेल अशी माझी खात्री होती कारण गिल्स पांढरे होते. पांढरा नाहीये. काळ्या कागदावर राखाडी वाटला, मग काच पांढऱ्यावर सरकवली तर हिरवा! शेवाळासारखा गडद नाही, मळकट फिकट हिरवा. लेक म्हणाली आई हिरवी पावडर, आणि मी आधी दिव्याचा रंग असेल म्हणून काच घेऊन खिडकीत गेले. खिडकीतही हिरवाच.

मग धावत लॉनवर गेले. ज्या परवा उघडल्या होत्या त्यांचे गिल्स आता राखाडी-हिरवट झालेत. ज्या आज उघडतायत त्यांचे अजून पांढरेच.

छोटीचा छाप फार पुसट आलाय, रंग सांगता येत नाही.

सूक्ष्मदर्शी

अभिनंदन ताई, हिरवा म्हणजे नाव ठरलंच. क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस. क्लोरो म्हणजे हिरवं आणि फायलम म्हणजे पान, गिल्सनाच पान म्हटलंय. गिल्सवाल्या अळंब्यांत हिरवा छाप जवळजवळ कुणाचाच नसतो, त्यामुळं मोठी टोपी, सरकती रिंग, लॉन, कमान आणि हिरवा छाप इतकं जुळलं की शंकेला जागा राहत नाही.

ही विषारी आहे. जीव सहसा जात नाही पण एक ते तीन तासांत जोराच्या उलट्या-जुलाब होतात, आणि लहान मुलांना व कुत्र्यांना पाणी कमी होऊन चांगलंच जड जाऊ शकतं. उत्तर अमेरिकेत अळंबीची सगळ्यात जास्त विषबाधा हिच्यामुळंच होते आणि त्याचं कारण तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंत, कोवळी असताना गिल्स पांढरे असतात. कडेकपारी ज्या दोघींबद्दल म्हणत होते त्यातली दुसरी म्हणजे पॅरासोल, मॅक्रोलेपिओटा प्रोसेरा, तिलाही सरकती रिंग, तिलाही खवले, पण छाप पांढरा आणि दांड्यावर सापाच्या कातडीसारखी नागमोडी तपकिरी नक्षी. तुमचा दांडा गुळगुळीत होता हे तुम्ही छाप यायच्या आधीच लिहून ठेवलं होतंत, ते फार कामाला आलं. कापल्यावर लाल पडणं मात्र क्लोरोफायलमच्या दुसऱ्या बहिणींतही होतं, त्यावरून ठरवलं असतं तर चुकलो असतो.

छापाचा मान फार जुना आहे. एलियास फ्रीस या स्वीडिश शास्त्रज्ञानं १८२१ मध्ये गिल्सवाल्या अळंब्यांची वर्गवारी करायला घेतली तेव्हा बीजाणूंचा रंगच पायाला धरला होता. आता डीएनएमुळं त्या गटांची बरीच मोडतोड झालीय, तरी शेतात उभं राहून पहिला प्रश्न अजून तोच विचारतात. पांढरा असेल तर अमानिटा, लेपिओटा, आर्मिलारिया. गुलाबी असेल तर प्लूटियस, एंटोलोमा, व्हॉल्वारिएला. गंजासारखा असेल तर कॉर्टिनॅरियस, गॅलेरिना. चॉकलेटी असेल तर अ‍ॅगॅरिकस, काळा असेल तर शाईसारख्या विरघळणाऱ्या.

गुलाबी छापावरून एक गोष्ट लक्षात ठेवा. व्हॉल्वारिएला म्हणजे पेंढ्यावर वाढवतात ती, तिलापण तळाला पिशवी असते. दक्षिण-पूर्व आशियातून अमेरिकेत गेलेल्या लोकांनी तिच्या भरवशावर डेथ कॅप गोळा केल्या आणि जिवानिशी गेले असं घडलेलं आहे, कारण ज्या प्रदेशात ते वाढले तिथं पिशवीवाली अळंबी म्हणजे खायचीच हे डोळ्याला पक्कं होतं. एका प्रदेशात शिकलेली खूण दुसरीकडे नेता येत नाही. फरक दोन, व्हॉल्वारिएलाला रिंग नसते आणि छाप गुलाबी. पण दोघी अंड्यात असताना हे दोन्ही फरक दिसतच नाहीत.

कडेकपारी

ताई, मान गये. आता छोटीचा छाप पुसट आला तर एक सोपी युक्ती सांगतो, घोसात जी टोपी दुसरीच्या खाली दबलेली असेल तिचा वरचा भाग बघा. वरचीचे बीजाणू खालचीवर पडून निसर्गानंच छाप काढून ठेवलेला असतो. आर्मिलारिया असेल तर खालच्या टोप्या पीठ सांडल्यासारख्या पांढऱ्या दिसतात.

आणि लेकीला अजून दाखवायचं असेल तर ओंडक्याच्या सुकलेल्या टोकाला बघा, पांढऱ्या केसाळ पंख्यासारखं काही चिकटलंय का, नखाएवढं. शिझोफायलम असतं बहुतेक वेळा, जगभर सापडतं. भिंगातून खालून बघा, प्रत्येक गिल लांबीत दुभंगलेली दिसेल. कोरडं पडलं की त्या दुभंगलेल्या कडा वळून बीजाणूंची बाजू झाकून घेतात, पाणी शिंपडलं की परत उघडतात. एक तुकडा वाळवून ठेवला आणि महिन्यांनी पाणी घातलं तरी उघडतो. माझ्या टेबलावर एक आहे, पाहुण्यांच्या मुलांना मी तोच दाखवतो.

अजून एक, रुसुला मिळाली तर दांडा मोडून बघा, खडूसारखा कट्कन तुटतो, धागे निघत नाहीत. तिच्याच बहिणी लॅक्टेरियस, त्यांचे गिल्स खरवडले की दूध येतं, काहींचं पांढरं, काहींचं केशरी, एकीचं तर निळं. या दोघी बोटांनीच ओळखता येतात, भिंगही लागत नाही.

ओलीमाती

आत्ताच ओंडक्यावरून आले. सगळ्यात खालच्या टोपीवर बोट फिरवलं. पांढरं पीठ नाहीये. बोटाला तपकिरी लागलं, गंज लागलेल्या कडीला हात लावल्यावर लागतं तसंच, आणि तसाच रंग त्या बारीक रिंगच्या वरच्या बाजूलाही साठलाय, म्हणून ती काहींना दिसत होती आणि काहींना नाही. दांड्यावर खवले शोधले, नाहीत, पण तुम्ही भरवसा ठेवू नका म्हणालात म्हणून तेवढ्यावरून काही ठरवत नाही. टोप्या मधे फिकट आणि कडेला गडद आहेत, कालच्या उन्हानं असणार.

मोठ्या सगळ्या मी उचलून टाकल्या, शेजारचा कुत्रा लॉनवर मोकळा फिरतो. जाळं खाली आहे म्हणजे परत येणार हे कळलंय, तेव्हा त्या घरी सांगून ठेवलं. ओंडका मात्र तसाच ठेवलाय. भोवती चार काठ्या रोवून दोरी बांधली आणि लेकीनं पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून लावलंय, "गॅलेरिना असू शकते, बघा पण खाऊ नका." "असू शकते" हे शब्द तिनं स्वतःहून घातले. काचेवर दुसरी टोपी ठेवलीय, या वेळी पाण्याचे थेंब विसरले नाही. सूक्ष्मदर्शी, छाप नीट आला तर थोडी पावडर कागदात घडी घालून जपून ठेवते, मायक्रोस्कोपखाली काय बघायचं असतं ते सांगाल का?

सूक्ष्मदर्शी

नक्की. काचेवरची पावडर ब्लेडनं एका ठिकाणी गोळा करा, फॉइलमध्ये घडी करा, वर तारीख आणि "ओंडका, शेवाळ, घोस" एवढं लिहा. ओली राहू देऊ नका, बुरशीवरच दुसरी बुरशी चढते. गॅलेरिनाचे बीजाणू बदामाच्या आकाराचे आणि खरबरीत दिसतात, क्यूनेरोमायसेसचे गुळगुळीत आणि एका टोकाला छाटल्यासारखे, तिथं बारीक छिद्र असतं. त्यासाठी १००० पट मोठं दाखवणारा मायक्रोस्कोप आणि तेलाचा थेंब लागतो. जवळ कुठं कॉलेजची प्रयोगशाळा असेल तर विचारून बघा, लेकीलाही घेऊन जा. आणि घोसातली एक अख्खी, बुंध्यासकट, कागदाच्या पिशवीत वाळवून सोबत ठेवा, नुसत्या पावडरवरून कुणी नाव देणार नाही.